‘निर्दोष’ हा शब्द बायोडेटातून काढा

तुळशीचं लग्न लागलं की बडोद्यातल्या मराठी घरांत बायोडेटांची ये-जा सुरू होते. वर ‘श्री गजानन प्रसन्न’, खाली जन्मवेळ, गोत्र, देवक, मामेकूळ, शिक्षण, पगार आणि तळाशी ‘अपेक्षा : अनुरूप’. या एका पानावर एक शब्द आता इतका रुळला आहे की तो कुणाला खटकतही नाही : ‘निर्दोष घटस्फोटित’. कुणी ‘इनोसंट डिव्होर्सी’ लिहितं, अर्थ तोच. लग्न मोडलं, पण माझ्यामुळे नाही, हे अनोळखी माणसाला भेटीआधीच शपथेवर सांगायचं. हा शब्द काढून टाकावा असं माझं म्हणणं आहे. तो का काढावा हे सांगायचं तर आधी त्याच्याभोवती चालणाऱ्या वादाबद्दल बोलावं लागेल, कारण तो वादच मुळात चुकीच्या टोकाला धरलेला आहे.

घटस्फोट झालेली, जोडीदार गमावलेली, आजाराची गोळी रोज घेणारी, धंद्यात बुडून कर्ज फेडणारी, आईवडिलांच्या आजारपणात पस्तिशी ओलांडलेली माणसं लग्नाचा विचार करू लागली की तरुण मंडळी म्हणतात, ‘आधी स्वतःला सावर, स्वतःवर प्रेम करायला शीक, मग दुसऱ्याकडे जा.’ वडीलधारी म्हणतात, ‘एकदा अक्षता पडू देत, सगळं आपोआप मार्गी लागतं.’ दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण दोघांनी गृहीत धरलेली गोष्ट एकच आहे. पसारा घेऊन माणूस दुसऱ्यासमोर उभा राहू शकत नाही, हे दोघांनाही मान्य आहे. एक म्हणतो पसारा आधी आवर, दुसरा म्हणतो वरून शेला टाक. मला दोन्ही मान्य नाही. पसारा सांगता यायला हवा. स्वतःला स्वीकारणं म्हणजे काय, याचा पारखून घेता येईल असा अर्थ मला एकच दिसतो : आपल्या आयुष्यात जे झालं ते चार सरळ वाक्यांत, आवाज न चढवता आणि मान खाली न घालता, समोरच्याला सांगता येणं. आणि ही वाक्यं एकट्याने आरशासमोर बसून तयार होत नाहीत. ती कुणाला तरी सांगता सांगताच घडतात.

‘आधी सावर’ या सल्ल्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. काही कामं खरोखरच आधी व्हायला हवीत. पहिलं काम कायद्याचं. परस्परसंमतीने वेगळं व्हायचं तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब प्रमाणे किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्ज, मग सहा महिने थांबून न्यायालयापुढे पुन्हा संमती. योग्य प्रकरणात हे सहा महिने माफ करता येतात असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, पण ते आपोआप माफ होत नाहीत, मागावं लागतं. न्यायालयात लढून मिळालेला घटस्फोटाचा हुकूमनामा असेल तर अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबायचं. या कायद्यात ती ९० दिवसांची आहे. ‘आता काही उरलं नाही’ एवढ्या तोंडी भरवशावर हॉल ठरवणारे नेमके इथे अडकतात. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत हातात, अपील दाखल नाही याची खात्री, मगच पुढचं पाऊल. दुसरं काम औषधाचं : आजार मनाचा असो की शरीराचा, मात्रा बसलेली असावी आणि डॉक्टरांशी लग्नाबद्दल, पुढे मुलाबद्दल बोलणं झालेलं असावं. तिसरं काम पैशाचं : पोटगी, मुलाची फी, कर्जाचा हप्ता, तो किती आणि कधी संपणार, हे कागदावर मांडलेलं असावं. आणि जिथे स्वतःचा हात उठतो किंवा दारू सुटायची आहे, तिथे तर लग्नाचा विषयच मागे ठेवावा. याबद्दल दुमत असायचं कारण नाही.

पण ही सगळी अशी कामं आहेत की त्यांना शेवट आहे. कागद मिळतो, तारीख मिळते, आकडा मिळतो. ‘स्वतःवर प्रेम करायला शीक’ या कामाचा हुकूमनामा कोण देणार? कोणत्या दिवशी माणसाने समजायचं की आता आपण पुरेसे बरे झालो? ‘माझी अजून तयारी नाही’ असं म्हणत चाळिशीला पोचलेली माणसं आळशी नसतात. त्यांनी तो सल्ला फार मनावर घेतलेला असतो. रोज आत डोकावून जखम भरली का हे पाहायचं म्हणजे रोज खपली काढायची. आपण कुणाला तरी चालण्याजोगे आहोत हे माणसाला बहुतेक वेळा आधी दुसऱ्याच्या वागण्यातून कळतं, आणि मग हळूहळू स्वतःला पटतं. लहान मूलही हे असंच शिकतं. मोठ्या माणसाला मात्र आपण उलटा क्रम लावतो आणि तो जमला नाही की त्यालाच दोष देतो.

१८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. कर्वे पस्तिशीचे विधुर, घरात अकरा वर्षांचा मुलगा. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. कर्व्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार घातला. या दोघांनी सगळं शांत होण्याची, मनाच्या जखमा भरून येण्याची वाट पाहिली असती तर तो दिवस कधी उजाडला असता? गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, पुढे ज्यांना सगळे बाया म्हणून ओळखू लागले त्या झाल्या, त्या लग्नाआधी स्वतःला पूर्ण करून नव्हे. गावचा रोष, पैशाची ओढाताण, सावत्र मुलगा, सगळं चालू असतानाच झाल्या. तो काळ वेगळा होता, एका बालविधवेपुढे पर्याय किती होते, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणूनच मी त्यांच्या धैर्याची बरोबरी कुणी करावी असं म्हणत नाही. माझा मुद्दा क्रमाचा आहे.

आता वडीलधाऱ्यांकडे वळू. सहवासाने माया लागते, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांत अशी कितीतरी लग्नं झाली ज्यांत नवरानवरीने एकमेकांना धड पाहिलंही नव्हतं, आणि ती नुसती टिकली नाहीत, रुजली. कुणाच्या रागाला किती वेळ द्यायचा, कुणाला कधी एकटं सोडायचं, हे कुठल्याच बायोडेटात लिहिता येत नाही, ते राहूनच कळतं. पण माया लागायला तो माणूस समोर तर असावा ना! झाकलेल्या माणसावर माया कशी लागणार?

अपस्माराचं उदाहरण घ्या. घरात त्याचं नाव कुणी घेत नाही, ‘तिला कधीतरी चक्कर येते’ एवढंच म्हणतात. नीट उपचार मिळाले तर सत्तर टक्क्यांपर्यंत रुग्ण फिट न येता जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अपस्माराचे वारंवार झटके ही आपल्या कायद्यात लग्नाच्या आड येणारी बाब होती, ती १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकली गेली. म्हणजे वैद्यक पुढे गेलं, कायदा पुढे गेला. घरात काय होतं? गोळ्यांची पट्टी दुमडून मेकअपच्या डब्यात, पिनांच्या डबीखाली सरकवली जाते. हळदीच्या रात्री जागरण. दुसऱ्या दिवशी मुहूर्तापर्यंत उपास. खोलीत सतत मावश्या, आत्या, मैत्रिणी, त्यामुळे रात्रीची गोळी चुकते, सकाळचीही चुकते. झोप न होणं आणि गोळी चुकणं ही फिट येण्याची अगदी ठळक कारणं, आणि लग्नघर ती दोन्ही एकाच आठवड्यात जमवून आणतं. मग सत्यनारायणाच्या पूजेला पाटावर बसलेली असताना झटका येतो. घाबरलेलं घर कांदा हुंगवतं, दातांत चमचा घालतं, हातपाय दाबून धरतं. यातलं काहीही करायचं नसतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, आणि झटका पाच मिनिटांपुढे गेला तर दवाखाना गाठायचा. पण हे सासरी कुणाला ठाऊक असणार? सांगितलंच नव्हतं. आणि संध्याकाळपर्यंत एकच शब्द घरभर फिरतो : फसवलं.

हे लग्न आजाराने मोडत नाही, लपवल्याने मोडतं. आधी सांगितलं असतं तर हळद सकाळी उरकली असती, नवरीला दहा वाजता झोपू दिलं असतं, गोळीच्या वेळेचा गजर नवऱ्याच्या फोनवर लागला असता. शिवाय अपस्माराच्या काही गोळ्या, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गर्भाला बाधतात. मूल हवं असेल तर महिनोन्‌महिने आधी डॉक्टरांकडे जाऊन औषध बदलायचं की मात्रा, फॉलिक ॲसिड कधी सुरू करायचं, हे ठरवावं लागतं. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणं हा तर आणखी मोठा धोका. ही बोलणी दोघांनी मिळून करायची असतात, एकटीने मेकअपचा डबा सांभाळत नव्हे. कायदाही इथे वडीलधाऱ्यांच्या बाजूचा नाही. महत्त्वाची बाब लपवून संमती मिळवली असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली लग्न रद्द करून मागता येतं. फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत तसा अर्ज करावा लागतो.

यापुढचा आक्षेप सगळ्यांत जड आहे आणि तो मला हलका करायचा नाही. ‘खरं सांगितलं तर स्थळच येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.’ मुलीच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं. विधुराला सहा महिन्यांत दहा जण विचारतात. विधवेने लग्नाचा विषय काढला तर ‘मुलाकडे बघून दिवस काढ’ असं ऐकवतात. घटस्फोटित पुरुषाला ‘बिचारा’ म्हणतात, घटस्फोटित बाईला ‘काय झालं होतं?’ विचारतात. ‘निर्दोष’ हा शब्द अशाच बाईच्या बापाने, भावाने ढालीसारखा पुढे धरला, हे मला कळतं. जिला मारलं गेलं, जिचा पगार काढून घेतला गेला, तिने स्वतःचा दोष शोधत बसावं असं मी कधीच म्हणणार नाही. तिने कुणालाही काहीही कबूल करायचं नाही.

पण ही ढाल तिला वाचवते का? ‘निर्दोष’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘मग दोष कुणाचा?’ आणि मंडपात, मावशीच्या फोनवर, पुण्याच्या स्थळाच्या चौकशीत पुन्हा तोच खटला सुरू होतो. संमतीने वेगळं होणाऱ्यांपुरता कायद्याने हा खटला कधीच सोडून दिला आहे. बडोदे संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९३१ मध्ये झाला, शेजारच्या मुंबई प्रांताला त्यासाठी १९४७ उजाडलं, देशाला १९५५. त्या १९५५ च्या कायद्यात सुटका हवी तर समोरच्याचं काहीतरी वाईट सिद्ध करावं लागायचं. १९७६ मध्ये परस्परसंमतीचं कलम आलं आणि कुणीही गुन्हेगार न ठरता दोन माणसांना वेगळं होण्याची वाट मिळाली. न्यायाधीश जे विचारत नाहीत ते आपण चहाचा कप हातात धरून विचारतो. आणि बायोडेटात त्याचं उत्तर आधीच छापून ठेवतो! ज्या गावाने देशाच्या कितीतरी आधी घटस्फोटाला कायद्यात जागा दिली, त्या गावच्या मराठी माणसांनी तरी हे करू नये.

‘आपल्यात घटस्फोट नव्हताच’ असं काही जण म्हणतात, ते मात्र खरं नाही. मराठी मुलखातल्या अनेक जातींत काडीमोड होता आणि पाट लावण्याची, म्हणजे पुनर्विवाहाची, रीत होती. इथे गुजरातेत त्यालाच नातरं म्हणतात. पोथीतला विवाह एकदाच, पण पाट लागलेली बाई घरात नांदत होती, तिची मुलं नांदत होती. ‘आपल्यात’ म्हणताना आपण फार थोड्या घरांबद्दल बोलत असतो.

सांगण्याला किंमत मोजावी लागते, हे बडोद्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. सयाजीराव महाराजांची मुलगी इंदिराराजे, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेली. दोन्हीकडे तयारी चाललेली. १९११ मध्ये, दिल्ली दरबाराच्या दिवसांत, एकोणीस वर्षांच्या त्या मुलीने आईवडिलांना न विचारता ग्वाल्हेरला पत्र लिहून लग्न होणार नाही असं स्वतःच कळवलं. मन कूचबिहारच्या जितेंद्रनारायणांवर जडलं होतं. घरचा विरोध दोन वर्षं चालला. १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं. ज्या घरातून पुढे घटस्फोटाचा कायदा निघाला, त्याच घरात हे घडलं आणि त्याच घराने मुलीला अडवलं. सुधारक घरालाही आपल्या उंबऱ्याच्या आत सुधारणा जड जाते. पुढे १९२२ मध्ये जितेंद्रनारायण वारले, इंदिराराजे तिशीतच पाच मुलांसह मागे राहिल्या आणि कूचबिहारचा कारभार त्यांना पाहावा लागला. खरं बोलण्याच्या बदल्यात सुख हमखास मिळतं, असं या उदाहरणावरून कुणी सांगू नये. पण ते पत्र गेलं नसतं तर ग्वाल्हेरच्या वाड्यात दोन माणसं जन्मभर एका खोट्याशेजारी राहिली असती, आणि त्यांतल्या एकाला ते ठाऊकही नसतं.

तेव्हा स्थळं कमी येतील, हे मी मान्य करतो. बरीचशी गळतील. ती नंतर गळण्यापेक्षा आता गळलेली बरी. पण सांगावं म्हणजे पहिल्या भेटीत सगळं ओतावं, असंही नाही, आणि इथेच चांगली माणसं चुकतात. सेव उसळची प्लेट समोर येण्याआधीच घटस्फोट, नैराश्य, बापाची दारू सगळं सांगून मोकळं होणं हा मोकळेपणा नसतो. ‘बघू, आता पळतोस का’ अशी ती परीक्षा असते, आणि समोरचा पळाला की आपल्याबद्दलची वाईट समजूत खरी ठरल्याचं दुःखी समाधान मिळतं. कागदावर फक्त वस्तुस्थिती लिहावी : घटस्फोटित, हुकूमनामा अमुक साली, मुलगी आठ वर्षांची, माझ्याकडे राहते. कारण लिहू नये. पहिल्या भेटीत जबाबदाऱ्या सांगाव्यात, आकड्यासकट. ‘थोडंफार लोन आहे’ असं नव्हे, तर ‘हप्ता सतरा हजार, अजून चार वर्षं’. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, दोघंच असताना, आजार नाव घेऊन, गोळी नाव घेऊन, शेवटचा त्रास कधी झाला तेही. आणि हे सगळं गोळधाण्याच्या, म्हणजे लग्न पक्कं होण्याच्या, आधी. पत्रिका छापल्यावर सांगितलेलं खरं समोरच्याला नाही म्हणायची जागाच ठेवत नाही, म्हणून ते सांगितल्यात जमा होत नाही.

दुसरी चूक मध्यस्थांची. बडोद्याची मुलगी, पुण्याचा मुलगा, मधे मावशी, मावशीची विहीण आणि एक काका. ‘सांगितलंय त्यांना’ असं प्रत्येक जण म्हणतो, आणि प्रत्येक कानावर वाक्य थोडं मऊ होत जातं. ‘अपस्मार’चं ‘लहानपणी फिट यायची’ होतं, ‘लहानपणी फिट’चं ‘जरा नाजूक आहे’ होतं. म्हणून महत्त्वाचं वाक्य ज्याचं त्याने ज्याला सांगायचं त्यालाच सांगावं, आणि जमल्यास त्याच रात्री दोन ओळींत लिहूनही पाठवावं. मूल असेल तर त्याची पहिली भेट कमाटी बागेत, तासाभराची, भेटवस्तू नाही, ‘पप्पा म्हण’ नाही. मुलाने घरी आल्यावर काय विचारलं, ते दुसऱ्या दिवशी एकमेकांना सांगावं.

आणि मोडलेल्या लग्नाबद्दल बोलायची वेळ येईलच. तेव्हा जिथे अत्याचार नव्हता, नुसतं पटलं नव्हतं, तिथे आपल्या वाट्याचं एक वाक्य असू द्यावं. ‘मी भांडण झालं की चार-चार दिवस बोलायचो नाही.’ ‘मला आईला नाही म्हणता यायचं नाही.’ हे वाक्य ज्याला सापडलं आहे त्याच्याशी संसार करणं ‘निर्दोष’ माणसापेक्षा सोपं जातं, कारण पुढच्या भांडणात तो पाचव्या दिवसाआधी बोलेल अशी आशा असते. जो पहिल्या लग्नात पूर्ण निर्दोष होता तो दुसऱ्यातही निर्दोषच राहणार, म्हणजे दोष पुन्हा दुसऱ्याचा. समोरच्यानेही हे वाक्य ऐकलं की सौदा करू नये, आपलं वाक्य सांगावं. अविवाहित माणसाकडेही असं वाक्य असतंच. त्याला ते कधी कुणी विचारलेलं नसतं, एवढाच फरक.

वधूवर मंडळांच्या हातात यातलं बरंच आहे. मेळाव्यात अविवाहितांना आधी माईकवर बोलावतात आणि घटस्फोटित, विधवा, विधुर यांना जेवणाच्या पानांची घाई सुरू झाल्यावर ‘विशेष विभाग’ म्हणून. काही ठिकाणी तर त्यांचा मेळावाच वेगळा. वेगळा मेळावा सोयीचा असतो, समदुःखी माणसांत मोकळं वाटतं, हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि ज्यांना तो हवा त्यांना तो मिळावा. पण तो एकच दरवाजा असू नये. नोंदणी क्रमांकाने सगळ्यांना बोलवा. फॉर्मवरचा ‘घटस्फोटाचे कारण’ हा रकाना काढा, त्या जागी हुकूमनाम्याची तारीख आणि मुलांचं वय घाला. ‘निर्दोष’ लिहून आणलं तर छापताना गाळा आणि घरच्यांना का गाळलं ते फोन करून सांगा. आणि सभागृहाच्या मागच्या खोलीत चार-पाच टेबलं मांडा, प्रत्येकाला दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या, दोन पेले. भेटायचं ठरवलेल्या दोघांना वीस मिनिटं. आईवडिलांसाठी चहा बाहेरच्या व्हरांड्यात.